लांजेवारजींचं प्रेशर

लांजेवारजी नमस्कार करत नाहीत. ते तुमचा डावा हात मागतात.

मी नागपुरातल्या या स्कीममध्ये, म्हणजे अपार्टमेंटमध्ये, राहायला आले त्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. रविवारची सकाळ. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर चौकट पुरती भरून एक गृहस्थ उभे. पांढरा हाफ शर्ट, त्याची पोटावरची दोन बटणं कशीबशी तग धरून, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात कापडी पिशवी.

"नवीन आल्या नं तुमी? डावा हात द्या."

"कशाला?"

"प्रेशर पाहाचं आहे. मी वरच्या मजल्यावरचा लांजेवार. बसा. बोलू नका. पाय एकावर एक टाकू नका."

मी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर, परवानगी मिळाल्यासारखी बसले. त्यांनी पिशवीतून जुनं, काट्याचं यंत्र काढलं, दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला आणि मान तिरकी करून डोळे मिटले. एखादा रसिक गाण्यात शिरतो तसे ते माझ्या दंडात शिरले. मग डोळे उघडून म्हणाले, "एकशे अठ्ठावीस, चौऱ्याऐंशी. सामान लागलं नाई वाटते अजून. लागलं की उतरंल." पिशवीतून लांबट रजिस्टर निघालं. फ्लॅट नंबर, नाव, वरचा आकडा, खालचा आकडा आणि शेवटी शेरा. माझ्या नावापुढे त्यांनी शेरा लिहिला, ‘नवीन. एकटी.’

आई गेल्यावर जुनं घर सोडून मी इकडे आले होते. इतक्या थोडक्यात माझी हकीकत कोणी लिहिली नव्हती.

आमच्या स्कीममध्ये बारा फ्लॅट आहेत. दर रविवारी नऊ वाजता लांजेवारजी वरून सुरुवात करत आणि साडेदहापर्यंत खाली पोचत. कोणाचे पाहुणे आलेले असोत, कोणाच्या तोंडाला साबण लागलेला असो, हात द्यावाच लागे. सोसायटीच्या मीटिंगलाही ते यंत्र घेऊन येत. एकदा पार्किंगवरून दोघांची जुंपायच्या बेतात होती. लांजेवारजींनी दोघांचे दंड बांधले, दोघेही दीडशेच्या वर निघाले. "तुमी दोघं आज बोलाचं नाई," त्यांनी निकाल दिला. "प्रेशर पाहून बोलावं मानसानं." आश्चर्य म्हणजे दोघं गप्प बसले आणि ती मीटिंग चहा येण्याआधी संपली.

ही सवय त्यांना खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागली. तेहतीस वर्षं ते तिथे बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये होते. दर तासाला काटा पाहायचा, आकडा लिहायचा, सही करायची. निवृत्त झाले, पण हात थांबेना. "बॉयलरले बोलता येत नाई, म्हून काटा पाहा लागते," ते सांगत. "मानसाले बोलता येते, तरी काटाच पाहा लागते. काहून? तर मानूस खोटं बोलते. कसे आहे इचारलं की मस्त म्हनते."

त्यांना स्वतःला कोणी "कसे आहात?" विचारलं की तेही "मस्त" म्हणत.

तेव्हा त्यांचं वजन एकशे अठरा किलो होतं. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबत आणि थांबण्याला निमित्त म्हणून भिंतीवरच्या रंगाची पाहणी करत. खाण्याला मात्र ते कुठेच थांबत नसत. सकाळी झणझणीत रश्शाचे तर्री-पोहे, दुपारी वडाभातावर कढवलेल्या तेलाची धार, संध्याकाळी शेजारून कोणी पाटवडी पाठवली तर ती उभ्या उभ्या. एकदा मी त्यांना गमतीनं म्हटलं, "लांजेवारजी, थोडं जपा." त्यांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे काय करते कोनाचं? गोदाम आहे. पडून आहे बिचारं."

हे गोदामाचं मत त्यांनी पुढे एका दिवसात बदललं. तो दिवस मला लख्ख आठवतो.

त्यांच्या पायावर सूज आली होती म्हणून ते चौकातल्या दवाखान्यात गेले. तिथे एक तरुण डॉक्टरीण बसते, बोलायला मोकळी आणि समजावून सांगायची हौस असलेली. तिथून ते आपल्या घरी न जाता थेट माझ्याकडे आले. घामाघूम, पण चेहरा उजळलेला.

"मॅडम, तुमी कॉलेजात बायोलॉजी शिकवता नं? चरबी म्हंजे काय?"

बावीस वर्षं अकरावीला शिकवते ते मी म्हणून दाखवलं. चरबी म्हणजे ऊर्जेचा साठा, शरीराची ऊब टिकवणारा थर, अवयवांना धक्क्यापासून वाचवणारी गादी.

"गलत," लांजेवारजी म्हणाले. एका प्राध्यापिकेला चूक ठरवण्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. त्यांनी खिशातून औषधाच्या चिठ्ठीचा कागद काढला. मागच्या बाजूला डॉक्टरणीनं एक मोठा गोल काढला होता आणि त्यातून बाण निघून डोक्याकडे, मूत्रपिंडाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे गेले होते. "गोदाम नाई हे. प्लांट आहे, प्लांट. चोवीस तास चालू. माल बनवते आन रक्तात सोडते."

मग त्यांनी मला शिकवलं. चरबीच्या पेशी लेप्टीन नावाचं संप्रेरक तयार करतात. चरबी जितकी जास्त, तितकं लेप्टीन जास्त. ते मेंदूला जाऊन सांगतं, साठा भरला, आता खाणं पुरे. पण फार लठ्ठ माणसाच्या मेंदूत भुकेचा जो विभाग असतो तो हळूहळू हे ऐकेनासा होतो. दुसरा एक विभाग मात्र ऐकत राहतो, असं दिसतं. तो मज्जातंतूंना चेव आणतो, मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतो आणि प्रेशर चढतं. शिवाय ही चरबी रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनांना कच्चा माल पुरवते. आणि एक ॲडिपोनेक्टिन म्हणून चांगलं संप्रेरक आहे, रक्तवाहिन्यांना सांभाळणारं. ते नेमकं चरबी वाढली की कमी होतं.

"डॉक्टरीण म्हनते, हे असू शकते. समदं पक्कं नाई, अजून पाहून राहिले लोक." हे सांगताना त्यांचा चेहरा जरा पडला. "‘शकते’ हा शब्द बॉयलरवर चालत नाई मॅडम. पन असो."

दारापर्यंत गेलेले ते परत वळले. पोटाकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "ते बिचारं आतून ओरडून राहिलं, पुरे, पुरे. आन वर कोनी ऐकूनच नाई राहिलं. पाहा बरं."

त्यानंतर महिनाभर स्कीममध्ये दुसरा विषय नव्हता. लेप्टीनची त्यांनी लेप्टीनबाई केली. कोणी दुसऱ्यांदा भात घेतला की ते विचारत, "लेप्टीनबाई काय म्हनून राहिली?" ॲडिपोनेक्टिनचा उच्चार त्यांना दर वेळी वेगळा सुचे, म्हणून तिला ते ‘ती दुसरी, गरीब स्वभावाची’ म्हणत. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढणाऱ्याला थांबवून त्यांनी मूत्रपिंड मीठ कसं धरून ठेवतं ते सांगितलं आणि मग दोन वाट्या श्रीखंड घेतलं. ऐकणारे कंटाळत. मला गंमत वाटे. शिवाय मी पुस्तकं काढून पाहिली होती. ते जवळपास बरोबर सांगत होते.

एका रविवारी त्यांनी माझा आकडा लिहिला आणि मी सहज रजिस्टर चाळलं. पानामागून पानं भरलेली. फ्लॅटवाले, दूधवाला, इस्त्रीवाला, पोस्टमन, एका पानावर कोणाचा तरी जावई. वरच्या मजल्यावर मात्र चारपैकी तीनच फ्लॅटची नोंद होती.

"लांजेवारजी, तुमचं प्रेशर कुठे आहे?"

"मायं? ते डॉक्टरणीनं पाहालं. एकशे ऐंशी, एकशे दहा."

"ते दवाखान्यातलं. घरी?"

"तिनं पन सांगतलं, सात दिवस घरी पाहून लिहून आना म्हने. पन स्वतःचं कसं पाहाचं? एका हातात पट्टा, दुसऱ्यानं फुगा दाबाचा, मंग नळी कोन धरंल?"

मी म्हटलं, आता बटणाची यंत्रं मिळतात, आपोआप फुगतात, आकडा समोर येतो. लांजेवारजींनी मान हलवली. "ते आकडा देते. ऐकत नाई."

"मग आधी कोण पाहायचं?"

"कुसुम."

ही बाई आमच्या बोलण्यात पहिल्यांदाच आली. कुसुमताई, लांजेवारजींची बायको. खापरखेड्याच्या कॉलनीतल्या दवाखान्यात नर्स होत्या. हे यंत्र, हा स्टेथोस्कोप त्यांचाच. लांजेवारजी ड्युटीला निघण्यापूर्वी रोज सकाळी त्या त्यांचं प्रेशर पाहत. मग ते तिकडे जाऊन बॉयलरचं पाहत. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर दोघं नागपुरात आले, फ्लॅट घेतला आणि वर्षभरात त्या आजारी पडून गेल्या. तेव्हा लांजेवारजींचं वजन अठ्ठ्याऐंशी होतं.

"जेवताना ती गंजावर झाकन ठेवाची," ते म्हणाले. "तोंडानं काई नाई म्हनाची. झाकन ठेवलं की समजाचं, आता पुरे."

गंज म्हणजे आमच्याकडे भात शिजवायचं पातेलं. त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "मला शिकवा. मी पाहते तुमचं."

शिकायला मला दोन रविवार लागले. पहिल्यांदा पट्टा उलटा बांधला, दुसऱ्यांदा हवा इतकी भसकन सोडली की काटा दिसलाच नाही. ते म्हणाले, "हळू. ऐकू येईल तुमाले. पयला ठोका लिहा, ठोके गेले की दुसरा लिहा." मग मला ऐकू आलं. त्या अवाढव्य देहाच्या आत खोल कुठेतरी कोणी दारावर मुठीनं ठोठावत असावं तसं. एकशे शहात्तर, एकशे आठ. मी घाबरले. ते खूश होते.

"आला नं आवाज? आला नं?" एवढंच विचारत राहिले.

तेव्हापासून रविवारी स्कीमची फेरी आटोपली की अकरा वाजता मी त्यांच्याकडे जाई. प्रेशर पाहून, लिहून, चार गोष्टी बोलून परत येई. डॉक्टरणीनं गोळ्या सुरू केल्या, मीठ-तेल कमी करायला लावलं, चालायला लावलं. लांजेवारजी चालू लागले. आधी खालच्या गेटपर्यंत, मग मैदानापर्यंत, मग मैदानाला चार फेऱ्या. तर्री-पोह्यांतली तर्री गेली. पाच महिन्यांत वजन एकशे सातवर आलं आणि प्रेशर एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी. डॉक्टरीण म्हणाली, उत्तम, आता घरी महिन्यातून एकदा पाहिलं तरी चालेल आणि माझ्याकडे तीन महिन्यांनी या.

मी त्यांचं अभिनंदन केलं. ते नुसतं "हाव", म्हणजे हो, म्हणाले आणि पट्टा गुंडाळत बसले. पट्टा गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही.

माझे बारावीचे पेपर तपासायचे होते. मी रविवारी वर जाणं थांबवलं. ते फेरीला येत, माझा हात घेत, आकडा लिहीत, जात. तिसऱ्या रविवारी आकडा लिहून झाल्यावरही ते दारात रेंगाळले.

"ताई, मले जरा वर गेल्यासारखं वाटून राहिलं. पाहाल का?"

मॅडमची ताई कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नाही. मी वर गेले. एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव. पुढच्या रविवारी एकशे साठ. त्याच्या पुढच्या दोन्ही रविवारी तेच. वजन वाढलेलं नव्हतं, फिरणं चालू होतं.

"लेप्टीनबाईनं पुन्हा डोकं वर काढलं," ते म्हणत. ते असं जवळजवळ समाधानानं म्हणत, आणि मला त्याचाच राग येई. मी पुन्हा दर रविवारी जाऊ लागले. डॉक्टरणीला आकडे दाखवले, तीही कोड्यात पडली. मूत्रपिंडाच्या तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाली, सोमवारपर्यंत हेच राहिलं तर दुसरी गोळी वाढवू.

त्या आठवड्यात ऊन इतकं चढलं की बुधवारी कॉलेज लवकर सोडलं. जिना चढताना मनात आलं, आज पाहून घ्यावं, डॉक्टरणीला आणखी एक आकडा मिळेल. लांजेवारजी कूलरसमोर पेपर वाचत होते. मला पाहून गडबडले.

"बुधवारी काहून आल्या?"

"बसा. बोलू नका. पाय सरळ."

एकशे तीस, ब्याऐंशी. मी पाच मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं. एकशे तीस, ऐंशी.

लांजेवारजी खिडकीबाहेर पाहत होते. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर लोणच्याची बरणी, पापडांचा डबा, सांडग्या मिरच्या. आणि मागच्या फळीवरचा पेला घेताना हाताला एक लहान स्टीलची डबी लागली. ती वाजली म्हणून उघडली. आत प्रेशरच्या गोळ्या. मी मोजल्या. आठ होत्या.

"लांजेवारजी, या कुठल्या?"

त्यांनी माझ्या हातातल्या डबीकडे पाहिलं आणि पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "शनवारच्या आन रविवारच्या."

चार आठवडे, आठ गोळ्या. शनिवारी सकाळपासून गोळी बंद, दोन्ही वेळा लोणचं-पापड, रविवारी अकराच्या आधी दोन वेळा जिना खाली-वर. त्यांनी सगळं सांगितलं. कामाचा अहवाल द्यावा तसं, क्रमानं.

"काहून केलं असं?" मी विचारलं. माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

"नॉर्मल मानसाकडं कोन येते, ताई?"

ते पुढे म्हणाले, "बॉयलर बरोबर चालला तर अख्ख्या पाळीत एक साहेब खाली येत नव्हता. तेहतीस वरसं पाहालं मी. काटा लाल पट्ट्यात गेला की समदे धावत येत."

मी रागावले. वर्गात रागावते त्याहून जास्त. डोक्यातली नस फुटली असती तर, मूत्रपिंड कामातून गेलं असतं तर, सोमवारी डॉक्टरणीनं उगाच गोळी वाढवली असती आणि तुम्ही ती नीट घेतली असती तर चक्कर येऊन जिन्यात पडला असता. त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "बरोबर आहे." आणि मग, "ताई, तुमचा आवाज चढला. पाहू का एकदा?"

मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. मी खाली निघून आले आणि दार लावून बसले. माझ्या घरात तेव्हा फक्त पंखा चालू होता. आई गेल्यापासून या दाराची बेल आठवड्यातून एकदाच वाजे, रविवारी, आणि वाजवणारा माणूस कोण होता ते मला माहीत होतं. आपल्यालाही त्या बेलची वाट असते हे त्या दुपारपर्यंत मी स्वतःला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरणीकडे घेऊन गेले. म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं. ती आधी खूप रागावली, मग तपासण्यांचा कागद परत घेतला आणि म्हणाली, "काका, आहेत त्याच गोळ्या. सातही दिवस." त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली.

रविवारी ते फेरीला आले नाहीत. बहुतेक लाजले असावेत. अकरा वाजता मी वर गेले. दार उघडंच होतं. टेबलावर यंत्र मांडून ठेवलेलं, रजिस्टर उघडं, पेन आडवं. लांजेवारजी खुर्चीत ताठ बसले होते. बाही आधीच वर सरकवलेली, डावा हात टेबलावर उताणा.

मी यंत्र उचललं, पिशवीत घातलं आणि कपाटावर ठेवलं.

"पाहाचं नाई?"

"आज नाही. आज सहज आले."

त्यांना हे नीट कळलं नसावं. हात तसाच टेबलावर होता. मी समोरच्या खुर्चीत बसले. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. लांजेवारजींनी सावकाश बाही खाली ओढली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठले आणि आत गेले. भांड्यांची थोडी शोधाशोध झाली.

"साखर किती टाकू, ताई?"

दोन वर्षं ते माझ्या दंडातले ठोके ऐकत होते. चहा त्यांनी मला कधी विचारला नव्हता आणि मीही त्यांना विचारला नव्हता.

"एक चमचा."

आत साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं. मग पुन्हा त्यांचा आवाज आला, जरा दबकत.

"घाई तर नाई नं?"

"नाही," मी म्हटलं.

आत गॅसचं बटण फिरल्याचा आवाज झाला. त्यांनी आच कमी केली होती.